अकोल्याच्या मे महिन्यात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग

सप्तपदीच्या चौथ्या पावलाला नवरीच्या शालूवर हिरवे चौकोन उमटले. दोनच सेकंद. मूळ शूटिंगमध्ये ते नव्हते, एक्सपोर्ट करताना आले होते. संगणक बंद पडला नव्हता, निळा पडदा आला नव्हता, प्रोग्रॅमनं चकार शब्द काढला नव्हता. पार्टीनं पेनड्राइव्ह घरी नेला, सगळी पाहुणेमंडळी टीव्हीसमोर बसली आणि मग मला फोन आला.

ही २०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. नवरा लग्नं शूट करतो, एडिटिंग माझ्याकडे. मशीन २०१८ मध्ये जुळवलेलं: इंटेलचा कोअर आय५-८६००के प्रोसेसर, झेड३७० मदरबोर्ड, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा टॉवर कूलर. जानेवारीत मी प्रोसेसर मोठ्या हौसेनं ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर चढवून, ५.० गीगाहर्ट्झवर नेला होता. व्होल्टेज १.३६, चाचणी अर्धा तास, सगळं ठीक. जानेवारीत अकोल्याला रात्री स्वेटर लागतो. मे महिन्यात काय होतं ते अकोल्याबाहेरच्यांनाही पेपरात वाचून माहीत असतं.

आज तोच प्रोसेसर ४.७ वर, १.२४ व्होल्टवर चालतो. ५.० वर तो खरोखर भरवशाचा करायला मला १.४० व्होल्ट द्यावे लागले असते. आता हिशेब बघा. चिप खाते ती वीज ढोबळमानानं व्होल्टेजच्या वर्गाला गुणिले वेग अशी वाढते. १.२४ वरून १.४० म्हणजे वर्गात २७ टक्के वाढ, त्यावर वेगाचे ६ टक्के, एकूण सुमारे ३६ टक्के जास्त उष्णता. हातात काय आलं? तासाभराच्या एक्सपोर्टमध्ये चार मिनिटांचीही बचत नाही. माझ्या लेखी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे वेग चढवणं कमी आणि व्होल्टेज उतरवणं जास्त. चढवायला एक दुपार पुरते, उतरवायला आठवडा जातो.

आधी घरातली तयारी

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड हवा, नाहीतर गुणक, म्हणजे बोर्डाच्या मूळ ठोक्याला (‘बस’ला) ज्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, हलवताच येत नाही. माझ्या मामाचा कॉम्प्युटर क्लास होता, तो अजून १९९८ च्या सेलेरॉन ३००ए च्या गोष्टी सांगतो: गुणक ४.५ ला पक्का, पण बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५० व्हायचा. ते दिवस गेले. आता बस १०० वर ठेवायची आणि फक्त गुणक वाढवायचा. गुणक ४७ म्हणजे ४.७ गीगाहर्ट्झ.

कूलरबद्दल एक खास वऱ्हाडी सूचना. इकडे ‘कूलर’ म्हटलं की खिडकीत लावलेला पाण्याचा कूलर. त्याच्यासमोर कॅबिनेट ठेवू नका. मी ठेवलं होतं. ओली हवा आणि आपली धूळ यांचा प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांवर बारीक चिखल बसला होता, तो शेवटी दात घासायच्या ब्रशनं काढला. पाण्याचा कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत मशीनवर नको. चाचण्या सुरू करायच्या आधी पाती साफ करा, थर्मल पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) जुनी असेल तर बदला.

घरात ‘व्होल्टेज’ शब्द काढला की दुसराच घोळ होतो. भाऊजी म्हणाले, स्टॅबिलायझर लावून घे, स्टेबल होईल. भिंतीतले २३० व्होल्ट आणि प्रोसेसरचा सव्वा व्होल्ट यांच्यामध्ये दोन टप्पे आहेत. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, २३० चे १२ करतो. मग सॉकेटच्या बाजूला जी चौकोनी कॉइलची रांग दिसते, ते व्हीआरएम, १२ चा सव्वा करतं. भिंतीतलं व्होल्टेज थोडं वरखाली झालं म्हणून प्रोसेसरचं होत नाही. तरीही मशीन यूपीएसवर ठेवाच. कारण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद लाइट गेली तरी येते आणि प्रोसेसर कोलमडून मशीन रीस्टार्ट झालं तरी येते. ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नाही. रात्री दोनला दोन सेकंद लाइट गेली, तुम्ही झोपेत होतात आणि सकाळी उगीच व्होल्टेज वाढवून बसलात, असं नको.

दोन गोष्टी सुरुवातीलाच करा. रॅमचा एक्सएमपी (रॅम वाढीव वेगावर चालवणारं सेटिंग) बंद करून रॅम कंपनीच्या मूळ वेगावर आणा. माझ्या प्रोसेसरला अधिकृतपणे डीडीआर४-२६६६ चालते, तेवढीच ठेवली. नाहीतर चूक रॅमची आणि शिक्षा प्रोसेसरला. आणि ज्या हार्ड डिस्कवर लोकांची लग्नं आहेत तिची केबल काढून ठेवा. केबल. फक्त ‘इजेक्ट’ नाही. अस्थिर मशीन डिस्कवर चुकीचं लिहू शकतं.

काही न बदलता एक दिवस

बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग्ज, मूळ अवस्थेत न्या आणि ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ नावाचं काही दिसलं तर ते बंद करा. ते चालू असलं की बोर्ड तुम्हाला न विचारता सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वरच्या वेगावर पळवतं. ८६००के चा मूळ वेग ३.६, एका कोअरचा टर्बो (गरजेला आपोआप चढणारा वेग) ४.३ आणि सहाही कोअर कामाला लागले की ४.१. तुमची खरी तुलना त्या ४.१ शी आहे. डब्यावर छापलेल्या ४.३ शी नाही.

एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून वहीत लिहा: खोलीचं तापमान, सर्वांत गरम कोअर, व्हीकोर, पॅकेजची वीज वॉटमध्ये. तिथे ‘व्हीआयडी’ आणि ‘व्हीकोर’ असे दोन आकडे दिसतात. नवशिके पहिला बघून घाबरतात. व्हीआयडी म्हणजे चिपनं मागितलेलं, व्हीकोर म्हणजे बोर्डाच्या सेन्सरला पोचताना दिसलेलं. आपल्याला दुसरा हवा, तोही पूर्ण लोड चालू असतानाचा.

खोलीचं तापमान प्रत्येक ओळीत लिहाच. कोअर ७८ अंश हा आकडा एकटा काही सांगत नाही. खोली २२ असताना ७८ म्हणजे वर ५६. तेच ५६ मे महिन्यातल्या ३९ च्या खोलीत ९५ होतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण चिप तापली की तिच्यातून गळणारा प्रवाह वाढतो आणि तो तिला आणखी तापवतो. या प्रोसेसरची हद्द १०० अंश. तिथे तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे तुम्ही चढवलेले गीगाहर्ट्झ तो उतरवून ठेवतो आणि तुम्हाला फक्त पंख्याचा आवाज उरतो.

चढण

बायोसमध्ये सगळ्या कोअरना एकच गुणक, ४५. व्हीकोर ‘ऑटो’वरून काढून मॅन्युअल, १.२०. ऑटोवर कधीच सोडू नका. गुणक वाढवला की बोर्ड सावधगिरी म्हणून स्वतःहून भरपूर व्होल्टेज देतं. माझ्या बोर्डानं ५.० ला ऑटोमध्ये १.४ च्या वर उडी मारली होती. कॅशचा, म्हणजे रिंगचा, गुणक कारखान्याच्या आकड्यावर राहू द्या. एव्हीएक्स ऑफसेट शून्य (तो काय ते पुढे येतं). वीजमर्यादा ९५ वॉटवर अडकवलेली असेल तर ती वाढवा, नाहीतर चाचणीत वेग खाली येतो आणि ‘पास झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात ती चाचणी तुम्ही लिहिलेल्या वेगाची झालेलीच नसते. चाचणी चालू असताना एक डोळा वेगाच्या आकड्यावर ठेवा.

मग सिनेबेंच आर२३, हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा चाचणीचा प्रोग्रॅम, दहा मिनिटं. टिकलं की गुणक एकनं वर. पडलं की व्होल्टेज ०.०२ नं वर. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळेच सांगतात आणि कुणीच पाळत नाही, मीही पाळलं नव्हतं. प्रत्येक पायरीला लागणारं व्होल्टेज वहीत लिहीत गेलात की तुमच्या चिपचा स्वभाव दिसतो. माझी अशी गेली: ४.५ ला १.१८, ४.६ ला १.२०, ४.७ ला १.२२, ४.८ ला १.२७, ४.९ ला १.३३ आणि ५.० ला १.४०. ४.७ पर्यंत पायरीला ०.०२ लागत होते. पुढे ०.०५, मग ०.०६, मग ०.०७. घाट सुरू झाला तो ४.७ नंतर. गाडी तिथेच थांबवायची. तुमचे आकडे वेगळे येतील, एकाच खोक्यातल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. पण घाट कुठेतरी सुरू होतोच आणि वहीशिवाय तो दिसत नाही.

वरची मर्यादा किती? माझी रेघ हवेच्या कूलरवर, लोडखाली, १.३५. डेटाशीटमधला १.५२ चा आकडा दाखवून भांडणारे भेटतात. तो मागणीच्या कोष्टकाचा शेवट आहे, पूर्ण लोडवर रोज सहा तास द्यायचं व्होल्टेज नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णता चिपला एका झटक्यात मारत नाहीत, हळूहळू झिजवतात. आज १.३६ ला टिकणारा वेग वर्षभरानं १.३८ मागतो. हा हौशी लोकांचा बाऊ समजू नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉक न करताही हेच झालं. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि काही चिप कायमच्या अस्थिर झाल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढून १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र मायक्रोकोडनं बरी होत नाही.

मोटर आणि बल्ब

लोड-लाइन कॅलिब्रेशन. बायोसमधल्या याच ओळीवर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबते.

शेतातल्या घरी राहिलेल्यांना हे लगेच कळेल. विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो. मोटर बंद झाली की क्षणभर लख्ख पेटतो आणि मग ताळ्यावर येतो. तारेला रोध असतो. प्रवाह वाढला की वाटेत व्होल्टेज पडतं. प्रोसेसरचं अगदी हेच आहे, फक्त प्रवाह भयंकर. १.२ व्होल्टवर १२० वॉट म्हणजे १०० अँपिअर. घराच्या मेन एमसीबीतून एवढा प्रवाह जात नाही. वाटेतला रोध समजा फक्त एक मिलिओहम आहे. १०० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडला. बायोसमध्ये तुम्ही १.३० लिहिलंत, काम सुरू झाल्यावर चिपला १.२० मिळाले. याला व्हीड्रूप म्हणतात आणि तो दोष नाही, मुद्दाम ठेवलेला आहे. कारण मोटर बंद होतानाचा तो लख्ख क्षण. लोड अचानक गेला की व्होल्टेज काही मायक्रोसेकंद उसळतं. आधीच थोडं खाली असेल तर ती उसळी तुम्ही लिहिलेल्या आकड्याच्या आतच राहते.

लोड-लाइन कॅलिब्रेशन ही पडझड भरून काढतं. ते सर्वांत कडक ठेवलं की एचडब्ल्यूइन्फोमध्ये रेघ सपाट दिसते आणि मन प्रसन्न होतं. पण आता उसळीला आत जागा उरलेली नाही, ती तुमच्या आकड्याच्या वर जाते. सॉफ्टवेअर सेकंद-दोन सेकंदांनी एकदा वाचतं, त्याला मायक्रोसेकंदाची उसळी दिसत नाही. खालच्या बाजूलाही तसंच: लोड एकदम आला की कडक कॅलिब्रेशनमध्ये व्होल्टेज क्षणभर खोल बुडतं, मग डोलत स्थिरावतं. त्या बुडीत एखादा हिशेब चुकतो.

म्हणून मधली पातळी घ्या. बायोसमधला आकडा थोडा मोठा लिहावा लागला तरी चालेल, लोडखालचा आकडा महत्त्वाचा. माझ्या बोर्डावर १.२७ लिहिल्यावर लोडखाली १.२४ मिळतात. बायोसमध्ये लिहायचे म्हणून सांगितलेले सोडले तर या लेखातले व्होल्टेजचे सगळे आकडे लोडखालचे आहेत; फक्त अगदी वर आलेले जानेवारीतले १.३६ हे बायोसमध्ये लिहिलेले होते, तेव्हा मला हा फरकच माहीत नव्हता. आणि पातळीचा क्रमांक बघताना जपून: आसुसच्या बोर्डावर आकडा मोठा तितकं कॅलिब्रेशन कडक, एएसरॉकच्या बोर्डावर उलट, लेव्हल १ सर्वांत कडक. दुसऱ्याच्या बोर्डाचा ‘लेव्हल ५’ डोळे मिटून उतरवू नका.

मशीन काय बोलतं ते ऐका

पडतानाही मशीन खुणा सोडतं. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ आलं तर बहुतेक वेळा व्हीकोर कमी आहे. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ (व्हीआ म्हणजे विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) आलं तरी पहिला संशय तिथेच. बायोसपर्यंतही न पोचता पंखे फिरत राहिले आणि पडदा काळा, तर तुम्ही फारच पुढे गेलात.

पण मला भीती शांत खुणांची वाटते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ची १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चिपनं चूक केली, पकडली आणि दुरुस्त केली. काम चालू राहतं, तुम्हाला पत्ता नसतो. ही एक नोंद दिसली तरी ते सेटिंग नापास समजा. प्राइम९५ या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एखादा वर्कर ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असं म्हणून थांबतो आणि बाकीचे पळत राहतात, तेही नापास. हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळ संख्या शोधायला १९९६ पासून चाललेल्या प्रकल्पाचा. महिनाभर चाललेल्या गुणाकारात एक आकडा चुकला तर सगळं वाया, म्हणून त्यात स्वतःची चूक पकडायची सोय आहे. व्हिडिओ एन्कोडरमध्ये ती नसते. तो हिरवा चौकोन काढून पुढे जातो.

चाचणी आपल्या कामाची

दहा मिनिटांचं सिनेबेंच म्हणजे फक्त चाळणी. त्यानंतर प्राइम९५ चे ‘स्मॉल एफएफटी’, एकदा एव्हीएक्स बंद करून, एकदा चालू ठेवून. चालू असताना तापमान धडाधड चढतं. ९५ च्या वर गेलं तर थांबवा, हट्ट करू नका. एव्हीएक्सची कामं एका फटक्यात जास्त आकडे हलवतात म्हणून प्रवाह जास्त ओढतात. तुमच्या रोजच्या कामात ती नसतील तर एव्हीएक्स ऑफसेट २ ठेवून त्या कामांपुरता वेग ०.२ नं उतरवता येतो. माझा एक्स२६४ एन्कोडर एव्हीएक्स२ वापरतो, मला ती पळवाट नाही. मग ‘ब्लेंड’ रात्रभर, त्यात रॅमही घुसळली जाते.

यानंतरची चाचणी मी शालूच्या प्रकरणानंतर स्वतःसाठी जुळवली आणि आता तिच्याशिवाय काहीच पास करत नाही. एक्स२६४ ला तीच क्लिप, तीच सेटिंग्ज आणि तेवढेच थ्रेड दिले की तो दर वेळी बिट न् बिट तीच फाइल बनवतो. म्हणून वरातीची तीन मिनिटांची क्लिप घेतली. वरात अशासाठी की फेटे, फुलं, ढोल, लायटिंग, सगळं हलतं आणि एन्कोडरला घाम फुटतो. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमनं ती पुन्हा पुन्हा नुसत्या एच२६४ फाइलमध्ये काढायची बॅच फाइल लिहिली. एमपी४ मध्ये नको, त्यात वेळेची नोंद शिरू शकते. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे एक बिट बदलला तरी बदलणारा तिचा छोटा ठसा, विंडोजच्याच सर्टयुटिलनं काढायचा. रात्रभरात साठ-सत्तर फाइली होतात. पहिली फाइल प्रोसेसर मूळ वेगावर असताना काढून ठेवलेली, बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. सकाळी चहा घेताना हॅशची यादी बघायची: सगळे एकसारखे तर पास, एक जरी वेगळा तरी नापास.

४.७ ला १.२२ हे व्होल्टेज सिनेबेंचमध्ये पास होतं, प्राइम९५ मध्येही दोन तास पास होतं. या चाचणीत ६४ पैकी एक हॅश वेगळा आला. एकच. ती फाइल मी चालवून बघितली, डोळ्यांना काही दिसलं नाही. १.२३ ला सगळे जुळले. वर ०.०१ सुरक्षेचा ठेवला, झाले १.२४. तुम्ही गेम खेळत असाल तर तुमची चाचणी तो गेम. शिक्षक असाल आणि मशीनवर फक्त प्रश्नपत्रिका टाइप होत असतील तर हे सगळं कशासाठी करताय?

पूर्ण लोडवर दोन दिवस टिकलेलं मशीन मोकळं बसलेलं असताना गोठतं, हेही होतं. वेग वरखाली होताना व्होल्टेज मागे राहतं. म्हणून शेवटी दोन रात्री नुसतं चालू ठेवा, झोपवा, उठवा, ब्राउझर उघडा-मिटा. विशेषतः ऑफसेटनं (चिपच्या मागणीतून ठरावीक आकडा वजा करून) व्होल्टेज कमी केलं असेल तर ते खालच्या वेगालाही कमी होतं आणि मशीन काहीच न करता पडतं. शोधाशोध चालू असताना मी मॅन्युअल, पक्कं व्होल्टेज ठेवते. सगळं ठरल्यावर अॅडॅप्टिव्ह, म्हणजे वेगानुसार कमीजास्त होणारं. त्यानंतर लोडखालचा व्हीकोर परत वाचा, माझा ०.०२ नं वर गेला होता, तेवढं बायोसमध्ये कमी करावं लागलं.

मे

जानेवारीत मिळवलेला निकाल हंगामी समजा. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. ते दिलं की ती आणखी तापते. माझं शेवटचं माप मी १९ मेच्या दुपारी तीनला घेतलं. पाण्याचा कूलर मुद्दाम बंद. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून म्हणाल्या, “तुह्या त्या डब्याच्या मांगून केवढी आच येते वं!” खोली ३९, सर्वांत गरम कोअर ९१, हॅश सगळे एक. मे महिन्यात चाचणी करायची सोय नसेल तर थंडीत कॅबिनेटचे पंखे सावकाश फिरवून आणि दारं बंद ठेवून कोअर मुद्दाम नव्वदीला न्या आणि तिथे चाचणी घ्या.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तो माझा रोजचा विषय नाही. रायझन ५००० पासून पुढे सगळ्या कोअरना एकच वेग ठोकला तर एका कोअरचा वरचा बूस्ट हातचा जातो. तिथे कर्व्ह ऑप्टिमायझर हे कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग वापरा. प्रत्येक कोअरला वेगळा आकडा, ५००० मालिकेत उणे ३० पर्यंत, एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. चांगल्या कोअरना कमी उणे, बाकीच्यांना जास्त. आणि चाचणी कोअरसायकलरनं एकेका कोअरची घ्या, कारण तिथे मशीन पडतं ते बहुधा हलक्या लोडला.

मशीन अजिबात उठत नसेल तर घाबरू नका. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, बोर्डावरची सीआर२०३२ बटण-सेल पाच मिनिटं काढून परत बसवा किंवा क्लिअर सीमॉसच्या दोन पिना क्षणभर जोडा. बायोस मूळ अवस्थेत येतं. माझी सेल एवढ्या वेळा निघाली आहे की तिची क्लिप आता सैल झाली.

सगळे आकडे बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा, पण विश्वास वहीवर ठेवा. बायोस अपडेट केलं की प्रोफाइल पुसली जाऊ शकतात; माझी दोनदा गेली आणि दुसऱ्या वेळी लग्नसराई ऐन भरात होती. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मी एक कागद चिकटवलाय: ४७, १.२७, कॅलिब्रेशन मधलं, एव्हीएक्स ०, रॅम २६६६, आणि त्याखाली १९ मे, ३९ अंश.